स्मरणिकेसाठी दोन पानं

पंचांनी सांगितलंय, दोन पानं पुरेत.
एकावर मंडळीचा इतिहास, दुसऱ्यावर ध्येय.
मलपृष्ठावर शेंगाचटणीवाल्याची जाहिरात आहे,
आणि मजकूर मंगळवारी छापखान्यात पाहिजे.
मी मिलमध्ये टाइमकीपर होतो,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

वेस्ट्रीतलं कपाट उघडलं.
वाळवीनं मधली वर्षं खाल्लीत,
दुष्काळाचं साल मात्र शाबूत.
एका पानावर एकवीस बाप्तिस्मे,
आणि 'बापाचं नाव' या रकान्यात
वरपासून खालपर्यंत एकच रेघ,
मधे कुठंतरी टाक अडखळलेला.

नोंद चौदावी. मुलगी. वय अदमासे चार.
बार्शीच्या रस्त्याला सापडली.
नाव विचारल्यास 'भाकर' म्हणते.

तिचं नाव दयामणी ठेवलं.
ती माझ्या बापाची आई.
पाहुण्यांच्या ताटातले तुकडेसुद्धा
ती पदरात गोळा करायची,
आणि आम्ही पोरं तिला कंजूष म्हणायचो.
हे स्मरणिकेत घ्यायचं नाही.

मानमोडीच्या साथीत घंटा बंद ठेवली होती,
कारण एक ठोका पडला
की गल्लीतलं कुणी गेलं असं लोक धरून चालायचे.
पाळक एलीशा भांबळ घरोघर पेज पोचवत होते,
रोजची घरं त्यांनी लिहून ठेवलीत:
सात घरं, अकरा घरं, नऊ घरं.
पाचव्या आठवड्यात नोंदी थांबतात.
त्यांच्या घरी पेज कुणी नेली, ते लिहायला कुणी नव्हतं.

घंटा बोटीनं आली, तेवढं सगळ्यांना ठाऊक आहे.
दोर मात्र इथला.
वाया गेलेल्या सुताचे पीळ देऊन
साखर पेठेतल्या राजलिंगमनं वळून आणला होता.
पाळकांनी वहीत लिहायला नाव विचारलं.
आडम, तो म्हणाला.
आदाम?
आडम ओ. पद्मशाली. दोन माग आहेत घरी.
त्या दिवशी उपासना पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली,
हसू आवरेना कुणाला.
पैसे घेतले नाहीत त्यानं.
पोरं तुमच्याच शाळेत शिकली की, म्हणाला.
दर सात-आठ वर्षांनी नवा दोर यायचा,
मग त्याचा मुलगा भिवंडीला गेला.

मिलचा भोंगा आपल्या घंटेच्या दोन मिनिटं पुढं असायचा.
हे मला खटकायचं, धंदाच तो माझा.
तेव्हाचे पाळक म्हणाले,
शांतवन, त्यांचं घड्याळ पगार कापतं,
आपलं राहू दे मागं.

मग भोंगाच थांबला.
त्या वर्षी दानथैलीत बटणं पडायची,
रिकामा हात थैलीत घालायची लाज वाटणारी माणसं होती ती,
मीही त्यातलाच, दोनदा.
मार्थाबाई घाटगे बटणं निवडून काढायच्या
आणि काही न बोलता शिवणवर्गाच्या डब्यात टाकायच्या.
त्या वर्गावर आमच्या चाळीतली सहा घरं चालली.
डबा अजून आहे. बिस्किटांचा, पत्र्याचा.

आता ध्येय.
सेक्रेटरीनं व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवलाय,
त्यात 'सर्वांगीण' तीनदा आहे.
पोरगा चांगला आहे, रविवारी पंख्यांची धूळही तोच पुसतो.
मी दोन रात्री बसलो,
एक ओळ झाली:
नाव विचारायच्या आधी भाकर.
तो म्हणाला, काका, वाक्य अपुरं आहे.
असेल.
पान मोकळं दिसतं, तर खाली
बटणांच्या डब्याचा फोटो टाक म्हटलं.

आणखी एक, जागा उरली तर छापा:
घंटेला सध्या नायलॉनचा निळा दोर आहे,
ओढताना तळवे भाजतात.
सुती हवाय, बेचाळीस फूट.
कुणाच्या ओळखीत अजून कुणी
हातानं पीळ देणारा असेल तर कळवा.